हुरड्याच्या पानावरचं हिरवं बटण

मी पोटापाण्यासाठी नेमकं काय करते हे माझ्या आईवडिलांना कधीच नीट कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते कळण्यासारखं नाहीही. खराडीला एका कंपनीत मी वेबसाइटची पानं मांडते. कुठलं चित्र वर, कुठला मजकूर खाली, आणि मुख्य म्हणजे बटण कुठे. बटण उजवीकडे ठेवलं तर किती लोक दाबतात, डावीकडे ठेवलं तर किती, यावर आम्ही चांगली शिकलेली माणसं काचेच्या खोलीत बसून तावातावाने भांडतो. "पुढे जा" हे बटण बोटभर खाली सरकवायचं की नाही, यावरून एकदा दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. त्यातली एक मी.

आईला हे मी एकदा समजावून सांगितलं. मेथी निवडता निवडता तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे लोकांनी कुठे बोट लावायचं ते तू ठरवतेस?"

"हो."

"आणि त्याचा पगार देतात?"

बाबा पेपरमागून म्हणाले, "आपल्या घराण्यात बटणं लावणारी तू पहिलीच. तुझ्या शिक्षणावर खर्च केला तो वाया गेला नाही म्हणायचा."

आईबाबा मंडईच्या मागे तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी नगर रस्त्यावर वाघोलीला. आई लोकांना सांगते की मुलगी नगरला असते, आणि एकदा संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून माझ्याकडे आल्यापासून तर तिची त्याबद्दल खात्रीच पटली आहे.

आमच्या घरात एक जुनं भांडण होतं. घरटी एक असतंच, पण आमच्याकडचं देहदानाचं होतं. बाबांना आपलं शरीर मरणानंतर वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचं होतं. पोरांना शिकायला उपयोगी पडावं, एवढीच इच्छा. त्यासाठी जवळच्या नातेवाइकाची संमती लागते, आणि आई ती देत नव्हती. वर्षानुवर्षं देत नव्हती. माझी संमती चालली असती, पण बाबांना ती नको होती. ती त्यांच्या मते पळवाट. सही हवी तर बायकोचीच.

"अगं, मेल्यावर मला काय कळणार आहे?" बाबा म्हणायचे.

"तुम्हाला नाही कळणार. मला कळेल."

यावर बाबा वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलायला लागत आणि आई मिक्सर लावत असे. चटणी व्हायची, निर्णय व्हायचा नाही.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून बाबा ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह होते. या संघाची कामं दोन. एक, थंडीत हुरड्याची सहल. दोन, देहदानाचे संकल्प गोळा करणं. सहल बाबांकडे. देहदान बाईंकडे. बाई म्हणजे जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या पेठेला त्यांनी बेडूक कापायला शिकवला असल्यामुळे सगळे त्यांना नुसतंच बाई म्हणत. हुरड्याच्या बसमध्ये खिडकीवरून मारामारी व्हायची. बाईंकडे मात्र कुणी फिरकत नसे. "नाही" असं कुणीच म्हणत नव्हतं. सगळे "बघू" म्हणायचे, आणि पुण्यात "बघू" म्हटलं की पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी संघाची वेबसाइट नव्याने करायचं काम माझ्यावर येऊन पडलं. जुनी बाबांनीच कुणाकडून तरी करून घेतली होती. ती उघडली की आधी सूचना, मग सूचना आणि शेवटी टीप. संघात येणाऱ्यांनी चपला जोडीने काढाव्यात, एकच हरवल्यास संघ दुःख व्यक्त करणार नाही. सभेत झोपणाऱ्यांनी घोरू नये, वक्त्याचा गैरसमज होतो. हे सगळं बाबांनी स्वतः लिहिलेलं होतं आणि त्यातला स्वल्पविरामही हलवायला ते तयार नव्हते.

"बाबा, लोक एवढं वाचत नाहीत," मी म्हटलं. "मी रोज हेच बघते. लोक पान वाचत नाहीत, पानावरून घसरतात."

"इतरांची वाचत नसतील. माझ्या सूचना वाचतात." मग त्यांनी अट घातली. "सूचना वाचल्याशिवाय सहलीला नाव नोंदवता येता कामा नये. नोंदणी सगळ्यात खाली, सगळ्यात शेवटी."

"तिथपर्यंत कुणी पोचणार नाही."

"जो पोचणार नाही, तो सहलीला न्यायच्या लायकीचा नाही."

बाईंची अट उलटी होती. "माझं बटण असं ठेव, की चुकवता येता कामा नये. इतकी वर्षं लोक मला चुकवतायत." आणि देहदानासाठी वेगळं पान करायला बाबांचा विरोध. एका संघाला एक पान पुरे, उगाच कशाला पसारा.

मी दोघांचंही ऐकलं. दोघांचंही ऐकणं ही आमच्या धंद्यातली सर्वांत मोठी चूक आहे आणि ती मला पगार देऊन शिकवलेली आहे. पण एकीकडे बाप आणि दुसरीकडे जीवशास्त्राच्या बाई असल्यावर शिकलेलं काय कामाचं? बाबांच्या सूचना वर सुरू झाल्या आणि खाली उतरतच राहिल्या. त्यांच्या तळाशी सहलीची नोंदणी, साध्या अक्षरांत. आणि बाईंचं हिरवंगार बटण मी फोनच्या पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवून टाकलं, बरोबर अंगठा टेकतो तिथे. पान कितीही वरखाली करा, ते हलायचं नाही. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, "देहदानासाठी नाव नोंदवा."

बाबांनी संघाच्या ग्रुपवर निरोप टाकला. हुरड्याची सहल ठरली आहे, इच्छुकांनी खालील पान उघडून नाव नोंदवावे, जागा मर्यादित.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला ऑफिसात बाईंचा फोन आला. त्यांना बोलताच येईना. मला वाटलं कुणीतरी गेलं. "अगं, पुणं जागं झालं!" त्या म्हणाल्या आणि चक्क रडायला लागल्या. संकल्पांचा पाऊस पडला होता. कालपर्यंत "बघू" म्हणणारे, जिन्यात बाईंची चाहूल लागली की दार लोटणारे, सगळे रांगेने देह देत होते. काही जोडप्यांनी तर मिनिटाच्या अंतराने दिला होता.

"आणि हुरड्याला किती?" मी विचारलं.

"एक."

तो एक म्हणजे कोर्टात नोकरी केलेले एक गृहस्थ. त्यांनी सगळ्या सूचना वाचल्या होत्या आणि दोन ठिकाणी हरकतही नोंदवली होती.

बाबांना सहलीचं वाईट वाटलं, पण देहदानाचा अभिमान त्याहून मोठा. संध्याकाळपर्यंत त्यांनी "वैचारिक क्रांतीची पहाट" असं एक भाषण लिहायला घेतलं. पुढच्या सकाळी बाईंनी मला भरलेली माहिती पाठवली. वय, रक्तगट, जुने आजार, जवळच्या नातेवाइकाचा फोन. शेवटी त्यांच्या आग्रहाने ठेवलेला एक रकाना होता, "विशेष विनंती". कुणाला आधी नेत्रदान करायचं असेल तर कळावं म्हणून. मी काचेच्या खोलीत बसले होते, समोर एका बटणाच्या रंगावर वाद रंगला होता, आणि मी टेबलाखाली फोनवर त्या विनंत्या वाचत होते.

"खिडकीजवळ जागा मिळावी."

"मधुमेह आहे. गूळ नको. चटणी चालेल."

"गेल्या वर्षी फार ताटकळत ठेवले. या वेळी वेळेवर उचलावे."

"मागे हाडे खिळखिळी होतात, पुढे घ्यावे."

"सोबत मेहुणे आहेत. त्यांचा हिशोब वेगळा."

मला असं हसू फुटलं की वाद थांबला आणि कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. बाईंना या विनंत्यांत विरक्ती दिसली होती. "किती शांतपणे लिहिलंय बघ, 'वेळेवर उचलावे'," त्या म्हणाल्या होत्या. "फक्त 'गेल्या वर्षी' कसं, ते माझ्या लक्षात येत नाहीये."

आणि मग शेवटाकडे मला आईचं नाव दिसलं. तेच वय, तोच रक्तगट, नातेवाईक म्हणून बाबांचा नंबर. विशेष विनंतीत तिने लिहिलं होतं, "अंधार व्हायच्या आत घरी आणून सोडावे."

माझं हसू तिथेच थांबलं. काय झालंय ते मला कळत होतं, ती हुरड्याबद्दल बोलत होती हेही कळत होतं, तरी ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मंडईकडे निघाले.

बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. भाषणाचे कागद मांडीवर, पण लिहीत नव्हते. हातात फोन, त्यावर बाईंनी पाठवलेली तीच यादी. मी चपला काढेपर्यंतही त्यांना दम निघाला नाही.

"तिचं नाव काढ."

"बाबा, ते सगळं चुकून झालंय. तिने हुरड्यासाठी म्हणून—"

"कळलंय मला. मी काय खुळा आहे? तिचं तेवढं काढ."

"काढायचं तर सगळ्यांचंच बघावं लागेल."

"सगळ्यांचं बाई बघतील. तिचं आधी."

मी म्हटलं, "पण तुम्ही तर म्हणता, मेल्यावर काय कळणार आहे."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझं वेगळं आहे. आणि विज्ञानाला हिचा काय उपयोग? रक्तदाब, दोन्ही गुडघे गेलेले. पोरं चुकीचं शिकतील." एवढं बोलून त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. त्यांच्या मानेवरून मला कळलं की ते रडतायत. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी फक्त त्यांच्या मांडीवरचे कागद उचलून ठेवले, वाऱ्याने उडाले असते.

तेवढ्यात आई मंडईतून आली, पिशवी टेकवून धापा टाकत. मी तिला काय झालं ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"म्हणजे माझं हुरड्याला नाव नाही?"

"नाही."

"मग मी तिकडे कशाला दिलं नाव?"

"ते मीच तुला विचारतेय."

"मंडईत उभी होते. एका हातात पिशवी, चष्मा घरी. अंगठा गेला तिथे दाबलं." आमच्या काचेच्या खोलीच्या भिंतीवर लावावं असं हे वाक्य आहे. आम्ही हेच इतके दिवस घेऊन, चहा पिऊन, भांडून शोधून काढतो.

पिशवीतली भाजी ओट्यावर काढत ती म्हणाली, "काढून टाक माझं नाव." मी म्हटलं, बाबाही तेच म्हणतायत. तिचा हात थांबला.

"ह्यांनी सांगितलं काढायला?"

"हो."

"का?"

मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. आई गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिली. "अहो, माझ्या देहात काय खोट आहे? तुमचा तेवढा शास्त्राला उपयोगी आणि माझा टाकाऊ? राहू दे माझं नाव. तुम्ही द्या संमती."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मीही. माझी आई जेव्हा "राहू दे" म्हणते तेव्हा ते राहतंच. तिच्या माहेरचा स्वभाव आहे तो, असं बाबा म्हणतात. बाबांच्या सहवासाने आला, असं तिचं माहेर म्हणतं.

पुढचे काही दिवस बाईंनी एकेकाला फोन लावून विचारलं, "हुरडा की देह?" बहुतेकांनी संकल्प मागे घेतला. काही जण रागावले, संघाने आपल्याला जिवंतपणी धरलं म्हणून. एका आजोबांनी विचारलं, दोन्ही करता येईल का, आधी हुरडा. थोडे लोक मात्र म्हणाले, बाई, आता दिलाय तर दिला, राहू द्या. ते थोडेच बाईंच्या इतक्या वर्षांच्या कष्टापेक्षा जास्त होते. बाईंनी ते आनंदाने वहीत उतरवून घेतले. हुरड्याच्या नादाने का होईना, म्हणाल्या. आणि हुरड्याचं बटण मी पहिल्या सूचनेच्याही वर नेलं. बाबांनी हरकत घेतली नाही, यावरूनच त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं हे ओळखावं.

आईचं नाव मात्र लोंबकळत राहिलं. ती काढू देत नव्हती आणि बाबा संमती देत नव्हते. घरात मिक्सर आता बाबा लावत होते म्हटलं तरी चालेल. आईने विषय काढला की ते काही ना काही कारण काढून उठायचे, नळ टपकतोय, दूधवाला आला, बँकेत जायचंय. शेवटी बाईंनीच निरोप दिला की रविवारपर्यंत काय ते कळवा.

रविवारी मी गेले. आई स्वयंपाकघरात चहा करत होती. बाबा जेवणाच्या टेबलाशी संमतीचं पान उघडून बसले होते. त्यावर दोनच बटणं. "जवळचा नातेवाईक म्हणून माझी संमती आहे" आणि "संमती नाही". ती मी एका ओळीत, एकाच आकाराची, एकाच रंगाची ठेवली होती. बाईंनी तेवढं बजावलं होतं, इथे कुणाचा हात धरायचा नाही.

बाबांनी बोट वर धरलं, खाली घेतलं. मग दाराकडे बघून माझ्याशी हळूच बोलले. "तुझं ते सरकवण्याचं काम. इथे करता येतं?"

"येतं. का?"

"'आहे'चं बटण असं ठेव, की अंगठा आपोआप तिथेच जाईल. मला बघायला लागू नये." त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "इतकी वर्षं तिला सुनावलंय. आता मी मागे कसा फिरू?"

माझ्या कामाची बाबांनी मागणी केली ती आयुष्यात ही एकदाच, आणि मला ते काम करावंसं वाटत नव्हतं. तरी मी लॅपटॉप उघडला. "संमती आहे" मी पडद्याच्या तळाला नेलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत रुंद केलं, हिरवं केलं. "संमती नाही" वरच्या कोपऱ्यात ढकललं, करडं आणि इतकं बारीक की ते ठिपक्यासारखं दिसायला लागलं. याला आमच्याकडे लबाडी म्हणतात आणि त्याचे चांगले पैसे मिळतात. अशा ठिपक्याकडे कुणी जात नाही. मी हे हजार पानांवर पाहिलेलं आहे.

बाबांनी फोन हातात घेतला. अंगठा हिरव्या बटणावर आपोआप गेला, अगदी ठरवल्याप्रमाणे, आणि तिथे वरच्यावर थांबला. आई चहाचे कप घेऊन आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. त्यांना ती दिसत नव्हती. त्यांनी अंगठा उचलला. चष्मा नाकावर वर सरकवला, फोन पार डोळ्यांशी नेला आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने वरचा कोपरा शोधायला लागले. नेम चुकला. पान हललं. त्यांनी पुन्हा शोधलं, बोट धोतराला पुसलं, श्वास धरला आणि तो करडा ठिपका दाबला.

"आपली असंमती नोंदवली आहे," पडद्यावर आलं.

आईने कप त्यांच्यासमोर ठेवला. "सापडलं बटण?"

"सापडलं."

"मलाही इतकी वर्षं तेच सापडत होतं."

बाबांनी मान हलवली. मग हात लांब करून त्यांनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली, आणि ती बसेपर्यंत चहाला हात लावला नाही.